उपग्रहाची क्वांटम चावी: वाळूजच्या कारखानदाराने किती पैसे बाजूला ठेवावेत?

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची सक्ती नको. उपग्रहावरून येणाऱ्या क्वांटम चावीसाठी आज एक रुपयाही बाजूला ठेवू नका. ती छत्रपती संभाजीनगरात मिळत नाही आणि मुंबईतही मिळत नाही, कारण भारतात व्यापारी सेवा म्हणून ती अजून कुणी विकतच नाही. मात्र ज्या धोक्यासाठी ही चावी घडवली जाते आहे तो धोका खरा आहे. त्यावरचा आपल्या ऐपतीतला इलाज वेगळा आहे आणि त्याचा बराचसा भाग फुकट आहे. उरलेल्या कामाला पंचवीसेक संगणकांच्या कारखान्यात जीएसटी सोडून पाऊण लाख ते दीड लाख रुपये पुरतात.

हे सांगायची वेळ आली, कारण फायरवॉल, ईमेल, बॅकअप यांच्या कोटेशनांत ‘क्वांटम सेफ’ हे दोन शब्द शिरले आहेत. एकदा ते शब्द छापले की शेवटचा आकडा वाढतो, आणि मालकाला वाटतं की नाही म्हणालो तर आपण मागासलेले ठरू. नाही म्हणायला हरकत नाही. फक्त कशाला नाही म्हणतोय ते कळलेलं असावं.

धोका किती खरा?

बँकेची साइट, जीएसटी पोर्टल, कंपनीचा व्हीपीएन, ईमेल: या सगळीकडे दोन संगणक आधी एक गुप्त चावी ठरवतात आणि मग त्या चावीने मजकूर कुलूपबंद करतात. मजकुराचं कुलूप, म्हणजे एईएस-२५६, क्वांटम संगणकापुढेही टिकेल असं मानलं जातं. कच्चा दुवा आहे तो चावी ठरवण्याच्या गणितात, म्हणजे आरएसए आणि लंबवर्तुळी वक्रांच्या पद्धतींत. पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे गणित झटक्यात सोडवेल.

तेवढा मोठा संगणक आज नाही. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘विलो’ चिपवर १०५ क्यूबिट होते. आरएसए-२०४८ फोडायला दोन कोटी क्यूबिट लागतील, असा २०१९ चा अंदाज होता. मे २०२५ मध्ये गूगलच्याच क्रेग गिडनी यांनी तो दहा लाखांच्या आत आणला. १०५ आणि दहा लाख यांत अंतर प्रचंड आहे. पण सहा वर्षांत अंदाज वीस पटींनी खाली आला, हेही विसरून चालणार नाही.

आणि चोराला तोवर थांबायची गरज नाही. आज तारेवरून जाणारा कुलूपबंद मजकूर तो साठवून ठेवू शकतो आणि यंत्र आलं की उघडू शकतो. त्यामुळे यंत्र कधी येणार यापेक्षा मालकाने स्वतःला विचारायचा प्रश्न असा: माझी कोणती माहिती इतकी वर्षं गुप्त राहायला हवी? त्याकडे पुढे सविस्तर येतो, कारण खर्चाचा सगळा हिशेब त्यावरच ठरतो.

उपग्रह यात कुठून आला

क्वांटम चावी वाटपात, ज्याला या धंद्यातले लोक क्यूकेडी म्हणतात, चावीचे आकडे प्रकाशाच्या एकेका कणावर, फोटॉनवर, लादून पाठवतात. वाटेत कुणी कण मोजायला गेलं तर कणाची अवस्था बिघडते, चुकांचं प्रमाण वाढतं आणि दोन्ही टोकांना चोरी कळते. मग ती चावी टाकून द्यायची. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांची ही पद्धत, ‘बीबी८४’, डिसेंबर १९८४ मध्ये मांडली गेली ती बंगळुरूमधल्या एका परिषदेत. चाळीस वर्षांनी आपण तिची परदेशी कोटेशनं मागवतो आहोत, हा भाग वेगळा.

फोटॉन एकेकटा असल्यामुळे वाटेत त्याला जोर देता येत नाही. नेहमीच्या फायबरवर ठरावीक अंतराने अँप्लिफायर बसवतात, तसा इथे बसवला तर अवस्था बिघडते आणि यंत्रणा त्यालाच चोर समजते. उत्तम फायबरमध्ये दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल प्रकाश गळतो. ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून आपल्या शहरापासून मोजून बघू. वाळूज ते शेंद्रा फायबरचा मार्ग ३० किलोमीटर धरला तर चारातला एक फोटॉन पोचतो, म्हणजे काम झकास. पुण्यापर्यंत २३५ किलोमीटर धरले तर पन्नास हजारांत एक. मुंबईपर्यंत ३३५ धरले तर पन्नास लाखांत एक. दिल्लीचा हिशेब मांडण्यात अर्थच नाही.

वर मात्र हवा विरळ होत जाते आणि पाचशे किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या प्रकाशाला खऱ्या अर्थाने दाट वातावरण लागतं ते शेवटच्या दहाएक किलोमीटरांत. म्हणून उपग्रह. चीनने १६ ऑगस्ट २०१६ रोजी ‘मिशियस’ उपग्रह सोडला. पुढच्याच वर्षी त्याने जमिनीवरच्या केंद्राला १,२०० किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून चाव्या दिल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये बीजिंग आणि व्हिएन्ना यांच्यात त्याच चाव्यांवर ७५ मिनिटांची व्हिडिओ परिषद झाली. त्यात साधारण २ जीबी मजकूर गेला आणि क्वांटम चावी खर्च झाली ती ५६० किलोबिटच. म्हणजे व्हिडिओला कुलूप नेहमीचं एईएसचंच होतं, उपग्रहाने फक्त ते दर सेकंदाला बदलायला ताजी चावी पुरवली. विक्रेता ‘संपूर्ण क्वांटम एन्क्रिप्शन’ म्हणाला की ही गोष्ट आठवा.

पुढचा चिनी उपग्रह, ‘जिनान-१’, जुलै २०२२ मध्ये गेला. तो आकाराने बराच लहान आहे आणि त्याचं जमिनीवरचं केंद्र शंभरेक किलोचं, हलवता येण्याजोगं आहे. त्याने चीन आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात, १२,९०० किलोमीटरवर, चावी जुळवली. त्याच्या एका फेरीत जास्तीत जास्त १०.७ लाख बिट मिळाले. कारखानदाराच्या भाषेत सांगायचं तर एका फेरीत २५६ बिटांच्या सुमारे ४,१८० चाव्या. उलट ‘एईएस नको, प्रत्येक बिटाला स्वतंत्र क्वांटम बिट हवा’ असा कडक हट्ट धरला, तर तेवढ्यात जेमतेम १३४ किलोबाइट मजकूर जाईल. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला एखादा दाबलेला फोटो. डायचं त्रिमिती ड्रॉइंग त्यात बसणार नाही.

फेरी म्हणजे किती वेळ? उपग्रह डोक्यावरून पाच-सात मिनिटांत निघून जातो. हे प्रयोग बहुतांशी रात्री होतात, कारण दिवसा सूर्यप्रकाशाच्या लोंढ्यात एकटा फोटॉन शोधणं फार अवघड. ढग आले तर तेही नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत मराठवाड्याच्या आकाशाची अवस्था आपल्याला माहीत आहे. पाऊस पडो न पडो, ढग असतातच. इस्रोसोबत काम करणाऱ्या, बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या गटाने भारतातल्या अशा केंद्रांसाठी हानले, माउंट अबू आणि नैनिताल या जागा तपासल्या, तेव्हा लडाखमधलं उंच आणि कोरडं हानले सरस ठरलं. त्यामुळे उद्या सेवा सुरू झाली तरी वाळूजच्या गच्चीवर दुर्बीण बसेल असं समजू नका. केंद्र दुसरीकडे असेल आणि तिथून तुमच्यापर्यंत चावी येईल ती फायबरने.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते. या प्रकारच्या उपग्रहाला दोन्ही टोकांच्या चाव्या माहीत असतात. तो आधी एका केंद्राशी चावी जुळवतो, मग दुसऱ्याशी, आणि दोन्हींची बेरीज जाहीर करतो. म्हणजे उपग्रह चालवणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो. गुंतलेल्या फोटॉनांच्या जोड्या वापरल्या तर ही अट सुटते. मिशियसने २०२० मध्ये १,१२० किलोमीटरवर तेही करून दाखवलं. वेग होता सेकंदाला ०.१२ बिट. एक २५६ बिटांची चावी व्हायला पस्तीस मिनिटं.

आपल्याकडे गाडी कुठवर आली

इस्रोच्या अहमदाबादमधल्या अंतराळ उपयोजन केंद्राने मार्च २०२१ मध्ये मोकळ्या हवेतून ३०० मीटरवर क्वांटम चावी पाठवून दाखवली. दोन टोकांची घड्याळं जुळवायला आपलीच ‘नाविक’ ही उपग्रह दिशादर्शन यंत्रणा वापरली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिल्ली आयआयटी आणि डीआरडीओ यांनी प्रयागराज ते विंध्याचल हे शंभराहून अधिक किलोमीटरचं अंतर आधीच टाकलेल्या व्यापारी फायबरवरून पार केलं. जून २०२५ मध्ये त्याच दोघांनी गुंतलेल्या फोटॉनांनी मोकळ्या हवेत एक किलोमीटर गाठला, सेकंदाला सुमारे २४० बिटांनी.

राष्ट्रीय क्वांटम अभियानाला १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपये. देशात दोन हजार किलोमीटर अंतरावरच्या केंद्रांमध्ये उपग्रहाने सुरक्षित संपर्क, हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक. अभियानाच्या चार केंद्रांपैकी संपर्काचं केंद्र मद्रास आयआयटीकडे आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या मुंबई आयआयटीकडे संवेदन आणि मापनाचं. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तुमच्या मुलाला किंवा पुतण्याला या विषयात करिअर करायचं असेल तर हे दोन पत्ते लिहून ठेवण्यासारखे. ग्राहक म्हणून तिथे विकत घेण्यासारखं काही नाही.

दर काय पडेल?

फायबरवरचं क्यूकेडी मात्र विकत मिळतं. जिनिव्हाची आयडी क्वांटिक ही कंपनी २००१ पासून या धंद्यात आहे आणि बंगळुरूची क्यूएनयू लॅब्ज २०१६ पासून. परदेशी बाजारात दोन टोकांच्या एका जोडीची किंमत पन्नास हजार ते लाख-दीड लाख डॉलर अशी बोलली जाते. रुपयांत साधारण पाऊण कोटीला हात लावायला फार उशीर लागत नाही. शिवाय त्याला स्वतंत्र, दुसऱ्या कुणाचा प्रकाश न खेळवलेला फायबर लागतो. त्याचं वार्षिक भाडं किलोमीटरवर आकारलं जातं. आणि इतकं करून एक गोष्ट उरतेच: समोरच्या टोकाला खरोखर तुमचंच माणूस आहे याची ओळख पटवायला जुन्याच पद्धती लागतात, म्हणजे आधी वाटून घेतलेलं गुपित किंवा डिजिटल सही. क्यूकेडी ओळख पटवत नाही, फक्त चावी देतो. याच कारणांवर बोट ठेवून अमेरिकेची एनएसए आणि ब्रिटनचं राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र आपल्या सरकारी यंत्रणांना क्यूकेडीची शिफारस करत नाहीत.

उपग्रहाचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, याचा अंदाज हवा असेल तर मिशियसवर सुमारे दहा कोटी डॉलर लागल्याचं तेव्हा छापून आलं होतं. सेना, वीज वितरणाची मुख्य नियंत्रण केंद्रं, मोठ्या बँकांची दोन डेटा सेंटरं, परराष्ट्र खात्याचे दूतावास: ही त्याची गिऱ्हाइकं. आपल्या शहरातला ऑटो पुरवठादार, औषध कंपनी, सहकारी बँक किंवा हॉस्पिटल त्या यादीत नाही. याबद्दल वाईट वाटून घ्यायचं कारणही नाही.

एकच अपवाद सुचवतो. शेंद्रा किंवा बिडकीनला नवं बांधकाम काढत असाल आणि दोन इमारतींमध्ये डक्ट टाकत असाल, तर फायबरच्या एक-दोन जोड्या जास्तीच्या ओढून मोकळ्या ठेवा. खोदकामाचा खर्च झालेलाच असतो, जास्तीच्या तारेचा फरक किरकोळ. दहा वर्षांनी क्यूकेडी स्वस्त झालं तर कामी येईल, नाही झालं तर सीसीटीव्हीला लागेल.

एका नावाखाली तीन माल

‘क्वांटम’ या एका नावाखाली बाजारात तीन वेगळे माल आहेत आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला क्यूकेडी, ज्याबद्दल वर बोललो. दुसरा क्वांटम यादृच्छिक आकड्यांचा स्रोत, म्हणजे चावीसाठी पक्के बेभरवशाचे आकडे देणारी चिप. ती खरी आहे, स्वस्त होते आहे, २०२० मध्ये कोरियात सॅमसंगच्या एका फोनमध्येही आली. पण तुमचं जुनं आरएसए तिच्यामुळे बळकट होत नाही. चिप बसवली म्हणून यंत्रणा ‘क्वांटम सेफ’ झाली असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

तिसरा माल म्हणजे पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफी. आपल्याला हवा तो हाच. यात ना उपग्रह, ना फोटॉन, ना नवी तार. फक्त गणित नवं, जे क्वांटम संगणकालाही जड जाईल असं मानलं जातं. आजच्याच संगणकावर, आजच्याच इंटरनेटवर, सॉफ्टवेअर अपडेटने येतं. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पहिली तीन मानकं जाहीर केली: फिप्स २०३, २०४ आणि २०५. पहिलं चावी ठरवण्यासाठी, उरलेली दोन डिजिटल सहीसाठी. हे तीन आकडे पाठ करा. विक्रेत्याला विचारा, यांतलं नेमकं कोणतं तुमच्या मालात आहे? उत्तर तिथल्या तिथे आलं तर बोलणं पुढे न्या. ‘आमची स्वतःची गुप्त पद्धत आहे’ असं उत्तर आलं तर चहा पाजून वाटेला लावा. जगभरच्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं फोडायचा प्रयत्न करूनही जे टिकलं ते मानक झालं आहे; गुप्त पद्धतीला ही कसोटी लागलेलीच नसते.

गमतीचा भाग असा की तुम्ही हा माल बहुधा आधीच वापरताय. क्रोम ब्राउझरने २०२४ पासून ही नवी पद्धत आपोआप चालू केली. आयफोनच्या आयमेसेजमध्ये ती मार्च २०२४ मध्ये आली, सिग्नलमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये. सर्व्हरवाल्यांसाठी ओपनएसएसएलच्या ३.५ आवृत्तीत ती एप्रिल २०२५ पासून आहे. या कशाचंही बिल तुम्हाला आलं नाही.

आधी वर्षं मोजा, मग पैसे

तुमच्याकडच्या प्रत्येक प्रकारच्या माहितीपुढे एक आकडा लिहा: ही किती वर्षं गुप्त राहायला हवी? त्यात यंत्रणा बदलायला लागणारी वर्षं मिळवा. निस्टच्या आराखड्यात आरएसए-२०४८ सारख्या पद्धती २०३० नंतर नापसंत आणि २०३५ नंतर बंद, असा प्रस्ताव आहे. तुमची बेरीज त्या पलीकडे जात असेल तर आज हालचाल करायची. नसेल तर झोप घ्या.

वाळूजच्या पुरवठादाराचं कोटेशन सहा महिन्यांनी शिळं होतं. नव्या मॉडेलच्या सुट्या भागाचं ड्रॉइंग गाडी बाजारात येईपर्यंत जपायचं, म्हणजे तीन-चार वर्षं. या दोन्हींना आज क्वांटमचा धोका जवळपास नाही. ड्रॉइंग फुटतं ते कामगाराच्या फोनच्या गॅलरीतून आणि सगळ्यांच्या सामायिक पासवर्डातून. औषध कंपनीच्या प्रक्रियेचा तपशील मात्र दहा-पंधरा वर्षं जपावा लागतो. तिथे बेरीज सरळ २०३५ पलीकडे जाते.

सगळ्यांत लांब आयुष्य रुग्णाच्या माहितीचं. एचआयव्हीचा अहवाल, वंध्यत्वाचे उपचार, मानसोपचाराच्या नोंदी, जनुकीय तपासणी: ही त्या माणसाच्या हयातीपर्यंत, आणि जनुकांच्या बाबतीत त्याच्या मुलांच्याही हयातीपर्यंत. लॅबमधून हॉस्पिटलात आणि हॉस्पिटलातून विमा कंपनीकडे हे अहवाल रोज जातात, बहुतेकदा साध्या ईमेलला पीडीएफ जोडून. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वाळूजच्या कारखान्याआधी शहरातल्या पॅथॉलॉजी लॅबने हा लेख वाचावा असं माझं मत आहे.

जमिनीच्या खरेदीखताचं उलट. नोंदणी झालेला दस्त कुणीही शोध घेऊन पाहू शकतो, त्यात गुप्त काही नाही. तिथे प्रश्न सहीचा आहे: उद्या कुणी जुन्या पद्धतीची डिजिटल सही बनावट केली तर? दीर्घ मुदतीच्या करारांची शाईच्या सहीची मूळ प्रत म्हणूनच तिजोरीत ठेवा, फक्त पीडीएफवर विसंबू नका.

सहीचा विषय निघालाच आहे तर आपल्या सीएंच्या ऑफिसातला तो ड्रॉवर आठवा. पन्नास-साठ यूएसबी टोकन, प्रत्येकाला पार्टीच्या नावाची चिकटपट्टी, रबरबँडने बांधलेले गठ्ठे. पिन टोकनवरच्या चिठ्ठीत, किंवा बनवणाऱ्याने दिलेला ‘१२३४५६७८’ तसाच. त्या टोकनवर कंपनीच्या वतीने कायदेशीर सही होते, टेंडर भरली जातात, संचालकांची विवरणपत्रं जातात. दोन वर्षांच्या क्लास-३ प्रमाणपत्राला टोकनसह दीड ते तीन हजार रुपये पडतात. ते स्वतःच्या ताब्यात ठेवायला आणि पिन बदलायला शून्य. हा ड्रॉवर उघडा असताना क्वांटम संगणकाची काळजी करणाऱ्या मालकाला काय म्हणावं?

आता खर्चाची यादी

पहिलं काम यादीचं. देशाची सायबर यंत्रणा सर्ट-इनने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत क्रिप्टोग्राफीचं बिल ऑफ मटेरियल ठेवायला सांगितलं आहे. बीओएम म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. गाडीच्या भागाचा बनवतो तसाच: कुठल्या यंत्रणेत कुठली कुलूपपद्धत, कुठल्या आवृत्तीची, पुरवठादार कोण, करार कधी संपतो. एक्सेलची एक शीट, ऑफिसातल्या जाणकार मुलाचे चार-पाच दिवस. खर्च त्याच्या पगाराचा.

मग अपडेट. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी मशीनवर काम चालतंय म्हणून तो तसाच आहे. सीएनसीला जोडलेल्या पीसीवर तर विंडोज ७ सुद्धा सापडतं. मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नसेल तर तो पीसी इंटरनेटपासून तोडा आणि वेगळ्या स्विचवर टाका. दोन-तीन हजारांचं काम. वेबसाइटचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद करायला विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर असतोच, फक्त चालू करायचा.

मालक, अकाउंट्स आणि ईमेल सांभाळणारा यांना लॉगिनसाठी हार्डवेअर किल्ली द्या, एक जास्तीची तिजोरीत. चार किल्ल्यांचे वीसेक हजार. संगणकाला कायम न जोडलेला बॅकअप: दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, आलटून पालटून, एक घरी. बारा-पंधरा हजार. सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यायची तर लहान यंत्रणेला चाळीस हजारांपासून लाखापर्यंत मोजावे लागतात. किमान तीन कोटेशनं घ्या. मसिआ किंवा सीएमआयए या इथल्या उद्योजक संघटनांमधल्या दहा-बारा सभासदांनी मिळून एकच ऑडिटर बोलावला तर प्रवास आणि मुक्काम वाटून जातो. सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो. नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिट घ्यायला विसरू नका.

फायरवॉल, व्हीपीएन, ईआरपी यांत आज नवी खरेदी करू नका, नूतनीकरणाची वाट पाहा. तेव्हाच अटी घालता येतात. नागरी सहकारी बँकेच्या संचालकांनाही हेच: कोअर बँकिंग पुरवठादाराला फिप्स २०३ कधी आणणार हे लेखी विचारा आणि उत्तर संचालक मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवा. उत्तर नाही आलं तर तेही नोंदवा.

इतकं करूनही चोरी झाली तर सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवायचं, आणि १८० दिवसांचे लॉग हाताशी हवेत. एप्रिल २०२२ मध्ये निघालेल्या आदेशाने हा नियमच केला आहे. फायरवॉलवाल्याकडून लॉग किती दिवस राहतात हे आजच विचारून घ्या, कारण लहान उपकरणांची साठवण लवकर भरते आणि जुनं आपोआप पुसलं जातं.

आणि पुढच्या पर्चेस ऑर्डरमध्ये, दराच्या खाली आणि वॉरंटीच्या वर, एवढं टाइप करा: ‘कराराच्या मुदतीत फिप्स २०३ आणि २०४ ची सोय अतिरिक्त आकार न लावता अपडेटमधून द्यावी; ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत न दिल्यास ग्राहकाला उर्वरित काळाची रक्कम परत घेऊन करार संपवता येईल.’ तारीख तुमच्या कराराप्रमाणे बदला. विक्रेता यावर सही करायला का-कू करू लागला, तर ‘क्वांटम सेफ’ या शब्दांपोटी त्याने लावलेली रक्कम कोटेशनमधून वजा करून मागा.